पाण्याच्या प्रदूषणावर काम करायचंय? मग पहाटे उठा

बीएस्सीला प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलेली आपल्याकडची पोरं-पोरी विचारतात, या विषयात सुरुवात कुठून करायची? मी संभाजीनगरला एमएस्सी केलं आणि आता हेच काम करते. माझं पहिलं सांगणं: दिवस उगवायच्या आत पाण्यावर पोचायची सवय लावा.

शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही तो वापरतं. म्हणून पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी नमुना घेतला तर आकडा छान येतो, आणि मासे मात्र पहाटेच मेलेले असतात. पैठणच्या नाथसागर जलाशयावरच्या भोई मंडळींना हे आधी कळतं. ‘मासा वर तोंड काढतोय’ असं कुणी म्हणालं की लगेच बाटली भरा.

बाटली भरताना आत बुडबुडा राहता कामा नये. मग प्राणवायू तपासायला जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड घालायचं. तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. शहराचं सांडपाणी घेऊन गोदावरीकडे जाणाऱ्या खाम नदीच्या काठावर मी असा पांढरा साका पाहिला, तेव्हा पुस्तकातली व्याख्या पहिल्यांदा खरी वाटली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे जगायला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू, ६.५ ते ८.५ सामू (पीएच) आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत हवा. हे आकडे सुटे वाचू नका. सामू आणि तापमान वाढलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. मे महिन्यात आपल्या तलावांत पाणी आटलेलं आणि तापलेलं असतं. हिवाळ्यात निभावलेला मासा तेव्हा तग धरत नाही.

साखर कारखान्याच्या मळीचं पाणी थेट विष नसलं तरी मारतं, कारण ते कुजवताना जिवाणू सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. कापसावरच्या फवारणीचं तसं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं मज्जातंतूंचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात, मासा वेडावाकडा पोहतो. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक तर झिंगे आणि बारीक कवचधारी जीव अगदी थोड्या मात्रेत संपवतं, म्हणजे माशाचं खाणंच आधी जातं. पारा लगेच मारत नाही. तो अन्नसाखळीत वर चढत माणसापर्यंत पोचतो. जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ साली उघडकीला आला, तो असाच.

तळाचा गाळही चाळा. पाण्याचा नमुना त्या वेळेपुरतं सांगतो, गाळातले किडे मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात. मेफ्लाय या किड्याची पिल्लं दिसली तर पाणी बरं आहे. नुसत्या लाल अळ्याच असतील तर प्राणवायू कमी आहे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तगतात.

पुढचं थोडक्यात. मत्स्यविज्ञान शिकायचं तर उदगीरला महाविद्यालय आहे. संशोधनात जायचं तर नेट-सेटची तयारी लवकर धरा. एमआयडीसीतल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातली केमिस्टची नोकरी कमी दर्जाची समजू नका. तिथे नीट काम करणारा माणूस नदीचा खरा राखणदार असतो. पहिल्या प्रकल्पाला एकच जागा धरा: पावसाळ्याआधी एक नमुना, पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच दुसरा. रानातली फवारणी ओढ्यात उतरते ती याच वेळी.