छाटणीआधी गुलाबाच्या बुडाशी वाकून बघा

परतीचा पाऊस अजून पुरता गेला नाही आणि लोकांनी गुलाबाच्या छाटण्या सुरू पण केल्यात. फोन येतात, दादा कुठली फवारणी घेऊ? मी एकच विचारतो, खालची पानं उचलली का? तर म्हणतात, असू दे की, कुजून खत होईल.

तिथंच घात होतो बघा. काळ्या ठिपक्यांची बुरशी ही गुलाबाचीच, ती झेंडूवरून येत नाही, शेजारच्या काकडीवरून येत नाही (काकडीची भुरी, म्हणजे पानावरची पांढरी पावडर, ती पण वेगळी असते, उगाच घाबरू नका), ती येते आपल्याच झाडाच्या पडलेल्या पानांवरून आणि रोगट काड्यांवरून. पावसाचा थेंब त्या पानावर आपटला की बीजाणू उडून खालच्या फांदीच्या पानावर बसतात आणि ते पान सलग सातेक तास ओलं राहिलं की रोग आत शिरला. मग वरून कितीही भारी औषध मारा, खाली बी पेरलेलंच आहे.

मागच्या साली शेजारच्या गावात एक ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाचा प्लॉट बघायला गेलो होतो. दोन ओळींच्या मध्ये झेंडू, दसरा-दिवाळीचा तोडा झालेला पण झाडं तशीच उभी, रस्त्यावरून बघितलं तर प्लॉट हिरवागार. सकाळचे अकरा वाजून गेलेले, मी झेंडूचं एक झाड हातानं बाजूला सारलं तर खाली गुलाबाची पानं एकावर एक चिकटलेली, पिवळी पडलेली, त्यावर झालरीसारख्या कडांचे काळे डाग आणि हात लावला तर गार ओलं. त्यातच छाटलेल्या काड्या पडलेल्या, टोकं काळी. झेंडूनं सगळं झाकून ठेवलं होतं. त्या भावानं दुकानदाराच्या सांगण्यावरून टॉनिक, औषध पानाला चिकटवणारं स्टिकर, नवीन आलेलं बुरशीनाशक सगळं मारलेलं, आणि डिसेंबरात त्याच्या झाडांना अर्ध्यापर्यंत पान नव्हतं. ते बघून पोटात तुटलं.

म्हणून जोडीचं पीक लावू नका असं मी म्हणत नाही. झेंडू मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमीला दाबतो हे खरं आहे, पण दाट लावून दोन-तीन महिने ठेवला तर, बांधावर चार झाडं लावून काही होत नाही. आणि झेंडू म्हातारा झाला की त्यावर लाल कोळी ही रस शोषणारी कीड जमते, झाड वाळायला लागलं की ती थेट गुलाबावर उतरते. तोडा संपला की वरचा पाला प्लॉटबाहेर काढाच, मुळं जमिनीत राहिली तरी चालतील. कोथिंबीर थोडी फुलावर सोडा, मित्रकिडी येतात. लसणाच्या ओळीजवळ मावा कमी दिसतो असा माझा अंदाज आहे, पण काळ्या ठिपक्यांना लसणानं काही फरक पडलेला मी बघितला नाही. वांगी, भेंडी, घेवडा जवळ नको, कोळी आणि फुलकिडे वाढतात. काहीही लावा, गुलाबाच्या खोडापासून दीड फूट जागा मोकळी पाहिजे, उभं राहून खालची माती दिसली पाहिजे.

बाकी कामं नेहमीचीच:
– पाऊस थांबून दोन-चार दिवस कोरडे गेले की छाटणी
– मेलेली, काळी फांदी हिरव्या भागात दोन इंच खाली घेऊन काप
– सिकेटर (छाटणीची कात्री) प्रत्येक रोगट झाडानंतर स्पिरिटच्या फडक्यानं पुसणे
– जाड कापांवर बोर्डो पेस्ट
– पाणी ठिबकनं, पानावर नाही
– शेणखत, खुरपणी, तण

बोर्डो पेस्ट घरी होते, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यात दोन्ही वेगळं भिजवा, मग एकत्र करा, लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. औषध फवारायचं असेल तर पानं काळे ठिपके दाखवायला लागली की मॅन्कोझेब २५ ग्रॅम १० लिटरला, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं औषध) २५ ग्रॅम, पण कोवळ्या फुटीवर तांबं नको, करपतं. नोव्हेंबरात रात्री गार पडल्या की भुरी येईल, तेव्हा पाण्यात मिसळणारं गंधक २० ग्रॅम, तेही उन्हाच्या कडाक्यात नको. हे सगळं साध्या दुकानात स्वस्तात मिळतं, दोन-तीन हजाराचं किट घ्यायची गरज नाही.

पण फवारणीच्या आधी पानं. मजूर नसतील तर घरातली चार माणसं घ्या, खराट्यानं नाही, हातानं, पोत्यात भरा, बांधावर टाकू नका, वारा परत आणतो. दूर खड्डा घेऊन पुरा, वरून हातभर माती. काड्या वाळवून जाळा. साफ झालं की मगच उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरा, खोडापासून वीतभर सोडून, म्हणजे थेंब उडाला तरी मातीवरचं वर येणार नाही. घाण पानांवर पाचट टाकलं तर तो झेंडूचाच प्रकार झाला.

या आठवड्यात आभाळ भरून येतंय, रात्री सर पडली तर सकाळी सूर्य उगवायच्या आधी प्लॉटमध्ये जाऊन खालच्या पानाला हात लावा, आणि नऊ वाजता परत लावा. तेव्हाही ओलं असेल तर छाटणी पुढं ढकला आणि त्या दिवशी पोतं घेऊन पानं वेचायला लागा.