घरचं चार्जिंग स्वस्तच असतं? इलेक्ट्रिक गाडीच्या हिशेबातल्या या चुका टाळा

शोरूममध्ये सांगितलं जातं, "किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया." हा हिशेब कुठल्या दराने केला, हे कुणी विचारत नाही. दोन महिन्यांनी महावितरणचं बिल हातात पडलं की मग मीटर सदोष असल्याची तक्रार होते. मीटर बहुतेक वेळा बरोबर असतं, चूक त्याआधीच झालेली असते.

सरासरी दर धरणे

ही सगळ्यात महागडी चूक. लोक एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात आणि तोच गाडीचा दर धरतात. पण घरगुती बिल टप्प्यांचं असतं: महिन्याला १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पंखे, फ्रीज, गिझर घरात आधीपासूनच आहेत. गाडी नंतर आली, म्हणून तिची युनिटं त्या सगळ्यांच्या वर जाऊन बसतात आणि वरच्या टप्प्याचा दर खातात.

उदाहरणाला महावितरणचे २०२४-२५ चे दर घेऊ. या चार टप्प्यांना अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये वीज आकार होता. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष दर पडतो सुमारे ६.८०, १३.३०, १८.२५ आणि २०.६५ रुपये. इंधन समायोजन आकार (वीज महाग पडली की कंपनी लावते तो) लागला तर तो आणखी वेगळा.

आता समजा, घराचा वापर २५० युनिट आणि गाडीचा २००. गाडीची पहिली ५० युनिटं दुसऱ्या टप्प्यात बसतील, उरलेली १५० तिसऱ्यात. गाडीचा खर्च होतो सुमारे ३,४०० रुपये, म्हणजे युनिटला १७. सरासरी काढणाऱ्याला तोच आकडा साडेतेरा दिसतो. ज्याच्या घरी एसीमुळे आधीच ४५० युनिटं जळतात, त्याला गाडीचं युनिट २० रुपयांना पडतं. आणि ज्याचं घर ८० युनिटांत भागतं, त्याला साडेबाराला. गाडी तीच, वीज कंपनी तीच. त्यामुळे "घरी काय दर पडतो?" हे शेजाऱ्याला विचारून काही उपयोग नाही.

दर दरवर्षी बदलतात, मुंबईत टाटा, अदाणी आणि बेस्टचे वेगळे आहेत. पद्धत मात्र हीच: ताजं बिल काढा, गाडीची युनिटं सगळ्यात वर ठेवा आणि मग गुणाकार करा.

घरच्या युनिटची सार्वजनिक चार्जरच्या युनिटशी थेट तुलना

घरच्या सॉकेटमधली एसी वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसीत बदलत गाडीतल्या चार्जरमधून जाते तेव्हा दहा-पंधरा टक्के वाया जाते, आणि मीटर तीही मोजतं. बॅटरीत ३० युनिटं भरायची तर मीटरवर ३३-३५ पडतात. सार्वजनिक डीसी चार्जरवर सहसा गनमधून, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगमधून, बाहेर पडलेली युनिटं मोजली जातात. म्हणून घरचे १७ रुपये बॅटरीपाशी पोचेपर्यंत १९ च्या पुढे जातात. हायवेवरच्या १८ ते २५ रुपयांशी ताडून बघा, अंतर वाटतं तेवढं उरत नाही. फक्त तिथला दर १८ टक्के जीएसटी धरून आहे की वेगळा, ते चार्जिंग कंपनीच्या अॅपमध्ये आधी पाहा. १८ चे २१.२४ व्हायला वेळ लागत नाही.

पेट्रोलपेक्षा हे सगळं स्वस्तच आहे, ते भांडण नाही.

रात्री लावली की स्वस्त, हा समज

घरगुती ग्राहकासाठी उलटं आहे. टीओडी, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं, स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली, कारण दिवसा सौर वीज मुबलक असते. गाडी दुपारी घरीच उभी असेल, तर टायमर रात्री दोनचा कशाला? जुनं मीटर असेल तर वेळेने फरक पडत नाही.

छतावर सौर पॅनल असेल तर वाचणारी युनिटं वरच्या टप्प्यातली असतात, त्यामुळे गाडीवाल्याला त्याचा फायदा जास्त. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

सोसायटीच्या कॉमन मीटरवरून तार

लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांनी ते मीटर आधीच वरच्या टप्प्यात गेलेलं असतं. त्यात सबमीटर लावून "युनिटला दहा रुपये द्या" असं ठरलं, तर फरक बाकीचे सभासद भरतात आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तोच विषय निघतो. आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल आणा. गाड्या बऱ्याच असतील, तर सोसायटीने चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेण्याबद्दल वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात विचारावं. त्या दरवर्गात घरगुतीसारखे टप्पे नाहीत.

चार्जिंग मध्येच बंद पडतं तेव्हा

एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर मोठा एमसीबी बसवू नका, तारच जळेल. गिझर आणि गाडी एकाच वेळी चालू आहे का, ते आधी पाहा. ३.३ किलोवॉटच्या चार्जिंगला १५-१६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि ४ चौरस मिलिमीटरची तार हवी, ७.२ किलोवॉटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायच्या चार्जरला) ६ ची. अर्ध्या तासाने प्लग हाताला चटका देण्याइतका तापला, तर सॉकेट बदला. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. वॉलबॉक्स घेण्याआधी बिलावरचा मंजूर भार वाचा. तो वाढवावा लागेल, आणि थ्री फेज घेतलं तर स्थिर आकारही चांगलाच चढतो.

चार्जरवर लाल दिवा लागून गाडी वीज घेतच नसेल, तर जुन्या इमारतीत संशय अर्थिंगवर घ्या. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. "अर्थ न्यूट्रललाच जोडून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

हायवेवर १०० टक्क्यांचा हट्ट

बॅटरी ८० टक्के भरली की चार्जिंगचा वेग मंदावतो. युनिटचा दर तोच राहतो, पण चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच उभी राहिली तर काही ठिकाणी मिनिटामागे दंड लागतो, आणि फूड मॉलमध्ये मिसळ उशिरा येते. शिवाय दोन गनच्या ६० किलोवॉट चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की वीज बऱ्याचदा वाटली जाते, तेव्हा शेजारचा मोकळा चार्जर बघा. पाच अॅपच्या वॉलेटमध्ये पाचशे-पाचशे अडकवू नका. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचे दोन निवडा. सेशन सुरू न होता पैसे कापले गेले, तर तिथून निघण्याआधी चार्जरच्या स्क्रीनचा आणि व्यवहार क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, परताव्यासाठी कस्टमर केअर तेच मागतं.