न्यूझीलंडमध्ये आरयूसी कसा भरायचा: डिझेल, इलेक्ट्रिक आणि प्लग-इन गाड्यांसाठी

महाराष्ट्रात गाडी घेताना आरटीओचा वन-टाइम टॅक्स शोरूमच्या बिलातच जातो आणि पुढची पंधरा वर्षं रस्त्याच्या कराचा विषय निघत नाही. त्या सवयीने ऑकलंड किंवा वेलिंग्टनला येऊन डिझेल किंवा इलेक्ट्रिक गाडी घेतली, की पहिला गोंधळ इथेच होतो. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवर लिटरमागे सुमारे ७० सेंट आणि त्यावर १५ टक्के जीएसटी एवढा कर पंपावरच कापला जातो आणि त्यातून रस्ते होतात. डिझेलवर हा कर नाही, विजेवर तर नाहीच. त्यामुळे या गाड्यांच्या मालकांनी जेवढे किलोमीटर चालवायचे तेवढे आधी विकत घ्यायचे असतात. या कराचं नाव रोड यूजर चार्जेस, बोलण्यात आरयूसी. डिझेलवाले तो १९७८ पासून भरत आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांना बरीच वर्षं सूट होती, ती ३१ मार्च २०२४ ला संपली.

आधी तुमची गाडी यात बसते का ते बघा. गाडी आणि भार मिळून एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असलेल्या डिझेल आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला १००० किलोमीटरमागे ७६ डॉलर पडतात, जीएसटी धरून. म्हणजे निसान लीफ असो वा टोयोटा हायलक्स, दर एकच. भिंतीला लावून चार्ज करता येते अशी पेट्रोल प्लग-इन हायब्रिड, उदाहरणार्थ मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही, असेल तर १००० किलोमीटरमागे ३८ डॉलर. टोयोटा अ‍ॅक्वासारख्या, प्लग नसलेल्या साध्या हायब्रिडला आरयूसी लागत नाही, कारण ती सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच घेते आणि तिचा कर पंपावर गेलेला असतो. जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातीत नुसतं ‘हायब्रिड’ लिहिलेलं असतं. चार्जिंगचं झाकण आहे का, हे प्रत्यक्ष बघूनच ठरवा. साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांचे दर वजन आणि अ‍ॅक्सलनुसार बदलतात, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

आरयूसीने बाकीचं काही सुटत नाही. वर्षाचं रेगो, म्हणजे वाहन नोंदणीचं शुल्क, वेगळं आणि गाडीच्या तपासणीचं वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे वॉफ, तेही वेगळं. रेगो आणि वॉफला तारीख असते, आरयूसीला तारीख नसते, आकडा असतो. सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. कॅलेंडरमध्ये आठवण लावून हे काम भागत नाही, नजर ओडोमीटरवर ठेवावी लागते.

किती घ्यायचे

विक्री १००० किलोमीटरच्या पटीतच होते. प्रत्येक खरेदीवर व्यवहार शुल्क लागतं, ऑनलाइन साधारण साडेबारा डॉलर, काउंटरवर थोडं जास्त. हे शुल्क १००० घेतले तरी तेवढंच आणि १०,००० घेतले तरी तेवढंच. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा कर १२ गुणिले ७६, म्हणजे ९१२ डॉलर. एकदाच घेतलात तर शुल्क धरून ९२५ च्या आसपास. दर महिन्याला हजार-हजार घेत बसलात तर निव्वळ शुल्कापोटीच सुमारे १५० डॉलर जातात. एकदम नऊशे डॉलर काढणं जड जात असेल तर ४००० किंवा ५००० चे टप्पे करा. हजाराचा टप्पा फक्त गाडी लगेच विकायची असेल तेव्हाच. घ्यायच्या आधी गेल्या दोन वॉफ तपासण्यांमधलं अंतर काढा, वर्षाचा खरा वापर कळतो. अंदाजाने सांगितलेला आकडा बहुतेक वेळा कमीच असतो, कारण सुट्टीत केलेला रोटोरुआ किंवा क्राइस्टचर्चचा प्रवास हिशोबात धरलेलाच नसतो.

प्रत्यक्ष खरेदी

गाडी सुरू करा आणि एकूण ओडोमीटरचा आकडा वाचा, ट्रिप मीटरचा नाही. लीफसारख्या गाड्यांत एकाच पडद्यावर बटण दाबलं की ट्रिप ए, ट्रिप बी आणि एकूण अंतर आळीपाळीने दिसतं, त्यामुळे भलताच आकडा टिपला जातो. जुन्या काटेवाल्या मीटरमध्ये शेवटचा वेगळ्या रंगाचा अंक हा किलोमीटरचा दहावा भाग असतो, तो सोडून द्या. तो धरला तर ८४,३१२ ऐवजी ८,४३,१२० होतात. फोनवर फोटो काढून ठेवा, पुढे वाद झाला तर तोच कामी येतो.

मग न्यूझीलंड ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या, म्हणजे एनझेडटीएच्या संकेतस्थळावर आरयूसी खरेदीचं पान उघडा. गाडीचा नंबर टाका, पडद्यावर आलेली गाडी आपलीच आहे ना ते मेक आणि मॉडेल बघून ताडून घ्या, ओडोमीटरचा आकडा भरा, किती हजार हवेत ते निवडा आणि कार्डाने पैसे द्या. विकत घेतलेल्या किलोमीटरचं लेबल, म्हणजेच आरयूसीचं लायसन्स, पोस्टाने येतं, म्हणून पत्ता नीट तपासा. घर बदलल्यावर वाहन नोंदणीतला पत्ता बदलायचा राहून गेलेला असतो आणि लेबल जुन्या घरमालकाच्या पेटीत पडतं. घाई असेल किंवा संगणकाशी जमत नसेल तर एए (ऑटोमोबाइल असोसिएशन), व्हीटीएनझेड, व्हीआयएनझेड यांच्या वाहन तपासणी केंद्रात किंवा आरयूसी देणाऱ्या पोस्टाच्या शाखेत जा. थोडे पैसे जास्त जातात, पण लेबल हातात मिळतं.

लेबलवर सुरुवातीचा आणि शेवटचा किलोमीटर छापलेला असतो. ते पुढच्या काचेला आतून, चालकाशेजारच्या प्रवाशाच्या बाजूला, बाहेरून वाचता येईल असं लावायचं. नवीन आलं की जुनं काढा. दोन लेबलं शेजारी शेजारी राहिली की कोणतं चालू आहे हे तुमचं तुम्हालाच कळत नाही. काचेवरच्या कागदाची सक्ती काढून टाकण्याचं सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. तो बदल प्रत्यक्ष लागू झाल्याचं एनझेडटीएकडून कळेपर्यंत लेबल लावत राहा.

शेवटच्या आकड्याच्या ५०० किलोमीटर आधी पुढची खरेदी करा. आधी घेतल्याने काही वाया जात नाही. नवीन लायसन्स मागचं जिथे संपतं तिथूनच सुरू होतं, तुम्ही ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीच्या ओडोमीटरपासून नाही.

हाच नियम उशीर करणाऱ्याला मात्र नडतो. समजा लायसन्स ५२,००० ला संपलं, लक्ष गेलं नाही आणि ओडोमीटर ५२,६४० वर गेला. आता हजार घेतलेत तर ते ५२,००० ते ५३,००० असेच मिळतील आणि हातात फक्त ३६० उरतील. बरेच जण ‘आत्ताच तर हजार घेतले’ म्हणून निर्धास्त होतात आणि दोन आठवड्यांत पुन्हा विनालायसन्स फिरू लागतात. विनालायसन्स चालवलेले किलोमीटर माफ होत नाहीत आणि वर दंड होऊ शकतो.

पोलिसांनी अडवलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. प्रत्येक वॉफ तपासणीत ओडोमीटरचा आकडा नोंदला जातो आणि तो घेतलेल्या किलोमीटरशी ताडून पाहता येतो. फरक निघाला की थकबाकीची नोटीस येते. नोटीस आली की आधी वॉफच्या कागदावरचा आकडा बघा, तपासणाऱ्याच्या हातून अंक मागेपुढे झालेले असू शकतात. चूक तिथे असेल तर ओडोमीटरचा फोटो घेऊन त्या तपासणी केंद्रात जा, नोंद दुरुस्त करून घ्या आणि मग एनझेडटीएला कळवा. ओडोमीटर बंद पडला किंवा इन्स्ट्रुमेंट क्लस्टर बदलावा लागला तर काढलेल्या मीटरचा शेवटचा आणि बसवलेल्या मीटरचा पहिला आकडा बिलावर लिहून घ्या आणि ताबडतोब कळवा. मागाहून हे सिद्ध करणं फार त्रासाचं असतं.

वापरलेली गाडी घेताना

डिझेल किंवा इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी दोन आकडे बघा: ओडोमीटर आणि लेबलवरचा शेवटचा किलोमीटर. ओडोमीटर जास्त असेल तर गाडीवर थकबाकी आहे. लेबल ८४,००० ला संपलेलं आणि मीटर ९१,३०० दाखवत असेल तर ७३०० किलोमीटर मागे आहेत. ते भरायला आठ हजार घ्यावे लागतील, म्हणजे ६०८ डॉलर आणि शुल्क. तसंच सोडून गाडी नावावर केलीत तर ही रक्कम तुमच्या गळ्यात पडू शकते. विकणाऱ्याला आधी भरायला सांगा किंवा किमतीतून वजा करा. नुसतं ‘नंतर देतो’ ऐकून घेऊ नका. लेबल जागेवर नसेल तर वाहनांची माहिती देणाऱ्या कारजॅम या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून तपासा.

उलट बाजूही आहे. गाडी विकताना शिल्लक राहिलेले किलोमीटर गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातात, तुम्हाला परत मिळत नाहीत. ६००० किलोमीटर शिल्लक म्हणजे ४५६ डॉलर. जाहिरातीत ते लिहा आणि किमतीत धरा. गाडी भंगारात गेली आणि नोंदणी रद्द झाली तर न वापरलेल्या किलोमीटरचा परतावा मागता येतो. शेतात, म्हणजे सार्वजनिक रस्त्याबाहेर, चाललेल्या अंतरासाठीही परताव्याची सोय आहे, पण त्यासाठी नोंदी चोख लागतात. घराच्या ड्राइव्हवेपुरतं कोणी त्या फंदात पडू नये.

प्लग-इन गाड्यांचा हिशोब

प्लग-इनचा दर निम्मा आहे तो ती पेट्रोलवरही कर भरते म्हणून. नियमित चार्ज करून १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल लागत असेल तर १००० किलोमीटरला ३० लिटर, त्यावरचा कर साधारण २४ डॉलर, अधिक ३८, म्हणजे एकूण ६२. चार्जिंगचा कंटाळा करून तीच गाडी ६ लिटरने चालवली तर पेट्रोलवरचा कर ४८ च्या घरात जातो आणि एकूण ८६ होतात, पूर्ण इलेक्ट्रिकपेक्षाही जास्त. १०० किलोमीटरला ४ लिटर पिणारी साधी हायब्रिड याच अंतराला ३२ डॉलरच्या आसपास कर भरते. अपार्टमेंटमध्ये राहता आणि रात्री चार्जर मिळणार नसेल तर प्लग-इन घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पेट्रोलवाल्यांची आरयूसीतून सुटकाही कायमची नाही. सगळ्या हलक्या गाड्या पंपावरच्या करातून काढून आरयूसीखाली आणण्याची सरकारची योजना आहे.

भारतातून फिरायला येणाऱ्यांनी डिझेल कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली तर आरयूसी त्यांनी स्वतः भरायचा नसतो. कंपनी परतीच्या वेळी ओडोमीटर बघून दर १०० किलोमीटरमागे वसूल करते. तो बहुधा दिवसाच्या भाड्यात धरलेला नसतो, म्हणून बुकिंगच्या अटींमध्ये आरयूसीची ओळ शोधा आणि किल्ली घेताना मीटरचा फोटो काढा.