पुरात गेलेल्या वह्या

राज्यसेवेची, म्हणजे एमपीएससीच्या अधिकारी पदांच्या परीक्षेची तयारी करताय, तर पुस्तकांची यादी, वेळापत्रक तुमच्याकडे असेलच. मी जिथे अडकलो तेवढंच सांगतो.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातल्या खोलीतल्या माझ्या अकरा वह्यांचा लगदा झाला. राज्यसेवेची अडीच वर्षं त्यात होती. पुढे पूर्व परीक्षा निघाली नाही, की घरी, मित्रांना, स्वतःलाही एकच सांगायचो, "पुरात नोट्स गेल्या, नाहीतर झालं असतं." लोक हळहळायचे, पुढचं कुणी विचारायचं नाही.

पुढचं असं. त्यातली राज्यघटनेची वही मी चार वेळा नव्याने लिहिली होती. खाडाखोड झाली की पान फाडायचं, पुन्हा पहिल्यापासून. सगळं पक्कं झाल्याशिवाय जुनी प्रश्नपत्रिका हातात घ्यायची नाही, हा नियमही माझाच. शंभर प्रश्न, दोनशे गुण, दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा, हे तोंडपाठ होतं. पण घड्याळ लावून अख्खा पेपर एकदाही सोडवला नव्हता. गुण कमी पडले असते, तर शाळेत कायम पहिला येणारा मुलगा मी उरलो नसतो. पूर आला नसता, तरी मी पाचव्यांदा राज्यघटनाच उतरवत बसलो असतो.

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं. शुद्धलेखन बघायचं नाही, थांबायचं नाही. विश्रामबागच्या अभ्यासिकेत मी ते केलं. दोन दिवस कागदावर नुसता पूरच उतरला. तिसऱ्या दिवशी लिहिलं गेलं, "मला पेपरची भीती वाटत होती." दुसऱ्या सकाळी पेपर सोडवला. दोनशेपैकी ७१.

तुमचेही एवढेच येतील, येऊ द्या. घाबरायचं कारण नाही, तिथूनच वाढतात. पण 'मी होणारच' असल्या चिठ्ठ्या भिंतीवर लावू नका, टॉपरच्या नोट्सच्या झेरॉक्सवर पैसे घालवू नका. आणि ज्या सरांना तुमचा पेपर बघायला वेळ नाही, त्यांची फी भरू नका.

मी आता कर सहायक आहे, राज्यसेवा अजून देतोय. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून रोज उत्तरं लिहितो. परवा एका उत्तरात तीन ओळी खोडाव्या लागल्या, हात पान फाडायला गेलाच. मग तेच पान तसंच अभ्यासिकेतल्या दादाकडे तपासायला दिलं.