इंग्लंडच्या घरात रेडिएटर गार राहतो तेव्हा

ऑक्टोबर लागला की नव्याने इकडे आलेल्या मराठी मंडळींचे मला फोन सुरू होतात. "काका, हीटिंग चालू आहे, पण खोली गारच." मी आधी त्यांना रेडिएटरला, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलला, हात लावायला सांगतो. कुठे गरम आणि कुठे गार, यावरून निम्मं निदान होतं.

वरून गार, खालून गरम? आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा, रेडिएटर निवू द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला छोटी चावी लावून अर्धा फेरा उलटा फिरवा. खाली फडकं धरा, कारण निघणारं पाणी काळं असतं आणि कार्पेटवरचा डाग जात नाही. फुसफुस थांबून पाणी आलं की लगेच बंद करा.

मग बॉयलरचं प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, बघा, हवा काढल्यावर ते उतरतंच. सगळं गार असताना काटा 1 ते 1.5 बारमध्ये हवा. कमी असेल तर बॉयलरखालच्या जाळीदार नळीचे व्हॉल्व्ह हळूच उघडा, काटा जागेवर आला की सगळे घट्ट बंद करा. उघडे राहिले तर प्रेशर चढत जातं आणि 3 बारच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारी टाकी) गेलंय. नुसतं भरत बसू नका. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. तोच गंज गाळ होऊन तळाशी बसला की रेडिएटर खालून गार राहतो. तो धुऊन काढणं हे माहीतगाराचं काम.

एकच रेडिएटर अख्खा गार असेल, तर मला पहिला संशय थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या (खोलीच्या उष्णतेप्रमाणे रेडिएटरमधलं पाणी कमी-जास्त करणाऱ्या, आकडे असलेल्या व्हॉल्व्हच्या) पिनवर येतो. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद ठेवला की ती आत रुतून बसते. आकड्यांची टोपी पूर्ण उघड्या आकड्यावर न्या, तिची रिंग सैल करून टोपी काढा. आत बारीकशी पिन दिसेल. पक्कडीच्या सपाट बाजूने ती हलकेच दाबून सोडा, दोन-चारदा. आपणहून वर येऊ लागली की काम झालं. पकडून ओढू मात्र नका, उपसून आली तर पाण्याचा फवारा उडेल. टोपी परत बसवा आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पूर्ण उघड्या आकड्यावरच ठेवा.

कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड करून बंद पडला, तर बॉयलरमध्ये वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारी प्लास्टिकची कंडेन्सेट नळी बहुधा गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको, नळी तडकते. मग रीसेट करा.

बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही. ते गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्यानेच उघडावं, त्याचं ओळखपत्र बिनधास्त मागा. भाड्याचं घर असेल तर हीटिंगची दुरुस्ती 1985च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने घरमालकाच्या अंगावर आहे, तेव्हा संकोच न करता लेखी कळवा. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर पडून 0800 111 999 या गॅसच्या तातडीच्या नंबरला फोन करा. हा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.