बाटलीतला जिवाणू आला कुठून? ठसे जुळवून शोधायची रीत

पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत स्युडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू निघाला की प्लांटमधलं पहिलं वाक्य ठरलेलं: "बोअरचंच पाणी खराब आलंय." सुरुवातीला मलाही ते पटायचं. बोअरच्या पाण्यातही तोच जिवाणू निघाला की अहवाल लिहून मी मोकळी व्हायचे. पण प्रजाती एक असली म्हणजे जिवाणू एकाच घरचा, असं होत नाही. सोळा एस जनुक वाचून प्रजातीचं नाव कळतं, पत्ता कळत नाही. पत्त्यासाठी ठसा लागतो: डीएनएचे तुकडे जेलवर लांबीप्रमाणे वेगळे केले की दिसणारी पट्ट्यांची, म्हणजे बँडची, खास मांडणी.

खरं काम जेलच्या आधीचं, नमुने घेण्याचं. पाणी ज्या वाटेने जातं त्या वाटेने चला: बोअर, साठवणीची टाकी, कार्बन फिल्टरनंतर, आरओनंतर, यूव्ही किंवा ओझोननंतर, भरण्याचं नोझल, भरलेली बाटली. रिकामी बाटली आणि झाकण विसरू नका. ओझोन किंवा क्लोरीन असेल तिथे बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घाला, नाहीतर वाटेतच जिवाणू मरतील आणि तुम्ही "स्वच्छ" लिहून बसाल. नोझलच्या आतून स्वॅब घ्याच. बायोफिल्म, म्हणजे भिंतीला चिकटलेला जिवाणूंचा थर, पाण्यात थोडी थोडी सुटते, भिंतीवर मात्र भरपूर असते. यूव्हीबद्दल एक लक्षात ठेवा: दिवा फक्त समोरून जाणाऱ्या पाण्यावर काम करतो, पुढच्या पाइपात त्याचा काही अंश उरत नाही. त्यामुळे दिव्यापुढचा प्रत्येक सांधा संशयित.

२५० मिलिलीटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा, पडदा सेट्रिमाइडच्या (इतर जिवाणूंना अडवणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर ठेवा आणि ३६ अंशाला दोन दिवस थांबा. हिरवट-निळ्या कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) दिसल्या की हात शिवशिवतात, पण घाई नको. माझी मोठी चूक इथेच झाली होती: प्रत्येक प्लेटवरून मी एकच कॉलनी उचलायचे, तीही सगळ्यात देखणी. एका पाण्यात एकाच प्रजातीचे दोन-तीन वंश (स्ट्रेन) सुखाने राहतात, आणि मी प्रत्येक वेळी वेगळाच पकडत होते. आता पाच तरी उचलते, फिकट, रंग न आलेल्याही. प्रत्येक कॉलनी पुन्हा रेघाटून शुद्ध करा, ओळख पक्की करा आणि ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला गोठवून ठेवा. नंतर लागते.

आता ठसा. हाताशी फक्त पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) असेल तर आरएपीडी किंवा ईआरआयसी या त्यावर चालणाऱ्या ठशांच्या पद्धती चालतात, एका दिवसात चित्र दिसतं. पण आरएपीडी भलतं लहरी आहे. मशीन बदललं, प्रायमरची (प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याची) बॅच बदलली की बँड बदलतात. म्हणून जे जुळवायचं ते सगळं एकाच फेरीत, एकाच जेलवर घ्या.

मला पल्स्ड फील्ड जेल, म्हणजे विजेची दिशा बदलत बदलत मोठे तुकडे वेगळे करणारं जेल, जास्त विश्वासाचं वाटतं. यात पेशी आधी अॅगारोजच्या गोळ्यात बसवतात आणि मग फोडतात, म्हणजे लांबलचक डीएनए तुटत नाही. त्यावर डीएनए ठरावीक क्रमाशी कापणारं स्पी-वन एन्झाइम सोडायचं. या जिवाणूच्या ६० लाखांहून अधिक बेस-जोड्यांत (डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांच्या जोड्यांत) जी आणि सी यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्के, आणि स्पी-वनला हवा असतो ए आणि टी जास्त असलेला एसीटीएजीटी हा क्रम. तो क्वचितच सापडतो, म्हणून तुकडे मोजके आणि मोठे पडतात. रात्रभर जेल चालवून सकाळी बँडऐवजी नुसता धूर दिसला, तर बफरमध्ये थायोयुरिया घालून पाहा. काही वंशांचा डीएनए जेल चालू असतानाच तुटतो, दोष तुमच्या हाताचा नसतो.

प्रत्येक जेलवर कडेला आणि मध्ये लॅडर (माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांची मोजपट्टी) हवी. शिवाय त्याच प्रजातीचा एक असंबंधित वंश लावा. तोही "जुळला" तर तुमची पद्धत आंधळी आहे. सूक्ष्मजीवतज्ज्ञ टेनोव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेला ढोबळ हिशोब असा: एकही बँड वेगळा नसेल तर वंश वेगळे म्हणता येत नाहीत, २-३ वेगळे तर जवळचे, ४-६ तर कदाचित नातेवाईक, ७ किंवा जास्त तर परके. हा हिशोब थोड्या काळातल्या थोड्या नमुन्यांसाठी आहे, वर्षानुवर्षांच्या संग्रहाला लावू नका. वाद कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणार असेल तर सरळ संपूर्ण जीनोम वाचून घ्या.

ज्या प्लांटने मला हे शिकवलं, तिथे बोअरचा ठसा अगदीच परका निघाला. बाटली आणि नोझलचा स्वॅब मात्र बँडला बँड जुळले. त्यांनी लाइन धुतली, दोन आठवडे प्लेटा कोऱ्या आल्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा हिरवं. गोठवलेला जुना वंश काढून नव्याशेजारी लावला, तर तोच. म्हणजे बाहेरून कुणी नवा आला नव्हता, धुण्याचं पाणीच कुठेतरी पोचत नव्हतं. नोझल पूर्ण उघडलं तेव्हा आतल्या रबरी गास्केटमागे बोटाला बुळबुळीत थर लागला.