आर्केड कॅबिनेटला ट्रॅकबॉल बसवायचाय? भोक पाडायच्या आधी हाताची जागा बघा

मिसाइल कमांड (1980), सेंटिपीड (1981), मार्बल मॅडनेस (1984) हे गेम तुम्ही जॉयस्टिकवरच खेळला असाल तर एकदा ट्रॅकबॉलवर (जॉयस्टिक-बटणांच्या पॅनलमध्ये बसवलेला, तळहाताने फिरवायचा बॉल) खेळून बघा, गेमच वेगळा वाटतो, कारण ते बनवलेच बॉलसाठी होते. जॉयस्टिकला फक्त दिशा कळते, बॉलला दिशा पण कळते आणि हाताचा वेग पण, आणि मिसाइल कमांडमध्ये क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा तर तो वेगच कामाला येतो. बसवायला फार अवघड नाहीये, पण पॅनलला एकदा भोक पाडलं की पाडलं, म्हणून आधीच्या तयारीबद्दलच जास्त लिहितोय.

साइज मुख्य दोन मिळतात, 3 इंची आणि सव्वादोन इंची (म्हणजे पूलच्या बॉलएवढा). जागा असेल तर सरळ 3 इंची घ्या. बॉल जड असतो, एकदा ढकलला की फिरत राहतो आणि तळहाताखाली नीट बसतो. सव्वादोन इंची पॅनल लहान असेल तरच.

आता जागा. पुठ्ठ्यावर बॉलचा गोल काढून कापा, पॅनलवर चिकटवा आणि खेळताय असं समजून हात फिरवा, हळूहळू नाही, जोरात. गोल्डन टी हा गोल्फचा गेम खेळणार असाल तर हे करायलाच हवं, कारण त्यात शॉट मारायला बॉल आधी मागे ओढायचा आणि मग पुढे जोरात ढकलायचा असतो, तेव्हा पुढे जाणारा हात मॉनिटरच्या काचेवर किंवा बेझलवर (काचेभोवतीची चौकट) आपटतो का, वाटेत जॉयस्टिकचा दांडा येतो का ते बघा. दोन प्लेअरच्या पॅनलवर बॉल मधोमध आणि जॉयस्टिकच्या रेषेपेक्षा थोडा तुमच्याकडे असलेला बरा, फक्त इतका कडेला नको की मनगट टेकायला जागाच उरणार नाही.

बटणांचा विचार पण आत्ताच करून टाका. मधोमध बॉल ठेवला की पहिल्या प्लेअरची बटणं आपोआप बॉलच्या डावीकडे येतात, म्हणजे उजवा हात बॉलवर, डावा बटणांवर, मिसाइल कमांडची तीन फायर बटणं तिथेच होऊन जातात. पण डावखुऱ्या माणसाचं काय? उजवीकडे दुसऱ्या प्लेअरची जॉयस्टिक आधी येते, बटणं तिच्या पलीकडे. म्हणून बॉलच्या उजव्या बाजूला निदान एक जादा बटण द्याच, सेंटिपीडला तेवढं पुरतं.

मग पॅनल उघडून खालून बघा. वरून दिसतो तो नुसता बॉल, खाली त्याचा चौकोनी डबा बराच मोठा असतो, तो जॉयस्टिकच्या बॉडीला, आधाराच्या पट्टीला लागायला नको आणि पॅनल बंद केल्यावर खाली पण जागा उरायला हवी. माप हातात आलेल्या पीसवरूनच घ्या, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कापताना मास्किंग टेप लावा म्हणजे लॅमिनेटचे टवके उडत नाहीत, कोपऱ्यांना ड्रिल, मग जिगसॉ. वरची मेटल प्लेट पॅनलच्या लेव्हलला हवी असेल तर तिच्या जाडीएवढी खाच राउटरने (लाकूड कोरायचं मशीन) मारावी लागते. अल्टिमार्कच्या यू-ट्रॅकसारखे खालून बसणारे पण आहेत, त्यांना वर प्लेटच नसते. कापताना ट्रॅकबॉल लांब ठेवा, लाकडाचा भुसा सेन्सरमध्ये गेला तर त्रास होतो.

वायरिंग सोपं आहे. आत काटकोनात दोन रोलर असतात, प्रत्येकाला खाचांची चकती आणि ऑप्टिकल सेन्सर, एकूण सहा वायरी: 5 व्होल्ट, ग्राउंड आणि प्रत्येक अक्षाच्या दोन सिग्नलच्या. त्या यूएसबी इंटरफेसला जातात आणि कॉम्प्युटरला वाटतं माउस जोडलाय. बोल्ट आवळायच्या आधीच जोडून बघा. बॉल वर ढकलल्यावर कर्सर आडवा गेला तर दोन अक्षांचे कनेक्टर अदलाबदल करा, उलटा गेला तर त्याच अक्षाच्या दोन सिग्नल वायरी बदला. हे मेममध्ये (MAME, जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) रिव्हर्स करून पण जमतं, पण वायरीतच केलं तर सगळीकडे एकदाच सरळ होतं. बॉल जोरात फिरवल्यावर कर्सर मधेच उलटा पळत असेल तर त्याला बॅकस्पिन म्हणतात, इंटरफेस सिग्नल पुरेसे भरभर वाचत नाही म्हणून तसं होतं. जुन्या माउसचा सर्किट बोर्ड काढून जोडला की हे हमखास होतं, त्यापेक्षा ट्रॅकबॉलसाठीच बनवलेला बोर्ड घ्या.

मेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (mame.ini) mouse पुढचा आकडा 1 करा, आणि विंडोजमधलं पॉइंटर अ‍ॅक्सेलरेशन बंद. मग गेम चालू करून टॅब दाबा, अ‍ॅनालॉग इनपुट अॅडजस्टमेंट्समध्ये (जुन्या मेममध्ये हेच अॅनालॉग कंट्रोल्स) सेन्सिटिव्हिटी गेमनुसार लावा, एकच आकडा सगळ्यांना चालत नाही. पॅनलवर स्पिनर (गोल फिरवायची नॉब) पण असेल तर तोही माउस म्हणूनच दिसतो, मग कोणत्या गेमला कोणता माउस ते वेगळं नेमून द्यावं लागतं.

पुढे कधी बॉल अडखळायला लागला तर लगेच बेअरिंग बदलू नका, आधी बॉल काढून रोलर बघा, हाताच्या घामाचा आणि धुळीचा काळा पट्टा तिथे जमलेला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कपड्याने पुसून काढा.